काळ्या बुरशीचे महागडे इंजेक्शन आणि नॅनो औषधांची गोष्ट

मे 2021 चे दिवस आठवून पाहा. कोरोनातून बरा होऊन घरी आलेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा दुखायचा, नाकातून काळपट स्राव यायचा. डॉक्टर सांगायचे, म्युकरमायकोसिस आहे, म्हणजे काळी बुरशी. चिठ्ठीवर एक लांबलचक नाव लिहून मिळायचे, लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. मग सुरू व्हायची नातेवाइकांची धावपळ. या मेडिकलवरून त्या मेडिकलवर, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून व्हॉट्सॲपच्या गटांवर. कुणी मंगळसूत्र गहाण टाकले, कुणी शेत. इंजेक्शनचा तुटवडा एवढा होता की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांपुढे त्यावर सुनावण्या झाल्या. जून 2021 च्या अखेरपर्यंत देशात या आजाराचे 40 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते.

त्या काळात अनेकांना एक प्रश्न पडला होता. साधे ॲम्फोटेरिसिन बी काही शे रुपयांत मिळते, मग त्याच नावापुढे 'लिपोसोमल' हा शब्द लागला की किंमत हजारांत का जाते? औषध तेच, मग फरक कसला? हा फक्त कंपन्यांचा नफा आहे की त्यात खरोखर काही वेगळे आहे?

या प्रश्नाचे उत्तर नॅनो तंत्रज्ञानात आहे. नॅनो म्हटले की आपल्याला परदेशातल्या प्रयोगशाळा आठवतात, नाहीतर सिनेमातले रक्तात पोहणारे यंत्रमानव. प्रत्यक्षात नॅनो औषधे गेली तीस-पस्तीस वर्षे वापरात आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती आहेत, फक्त त्यांच्यावर 'नॅनो' असे लिहिलेले नसते. म्हणून हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस साधारण 80 हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. कोरोनाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा. तांबड्या पेशीत प्राणवायू वाहून नेणारा हिमोग्लोबिनचा एक रेणू पाच नॅनोमीटरच्या आसपास. साधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर या मापात केलेल्या कामाला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. औषधांच्या बाबतीत ही मर्यादा थोडी सैल धरली जाते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1959 मधील एका व्याख्यानात पदार्थ अणू-रेणूंच्या पातळीवर घडवता येतील, अशी कल्पना मांडली. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द 1974 मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी वापरला. पण औषधांची वाट या दोघांपेक्षा वेगळीच निघाली, ते पुढे येईलच.

वस्तू इतकी लहान झाली की तिचे गुण बदलतात. एक सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. आता त्याच ठोकळ्याचे एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्या तुकड्यांचे मिळून क्षेत्रफळ सहा हजार चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दीड एकर. पदार्थ तेवढाच, पण आजूबाजूच्या गोष्टींना भिडणारी त्याची बाजू एवढी वाढली. त्यामुळे असे कण लवकर विरघळतात, लवकर चिकटतात, जास्त क्रिया करतात. हा त्यांचा फायदा आहे आणि धोकाही आहे.

शरीरात मापाला आणखी एक महत्त्व आहे. फार छोटा कण, म्हणजे पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान, मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीवाटे लगेच निघून जातो. फार मोठा कण प्लीहा आणि यकृत लगेच अडवतात. मधल्या मापाचा कण रक्तात जास्त वेळ फिरू शकतो. औषध नेमके किती वेळ आणि कुठे राहावे, हे मापावरून बऱ्याच अंशी ठरवता येते.

जुने औषध, नवे वाहन

आता पुन्हा ॲम्फोटेरिसिनकडे येऊ. हे औषध 1950 च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. औषध त्याला चिकटते, आवरणाला भोके पडतात आणि बुरशी मरते. अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते आणि ते अर्गोस्टेरॉलच्या नात्यातलेच आहे. त्यामुळे औषध थोडेफार आपल्या पेशींनाही चिकटते. सर्वांत जास्त मार बसतो मूत्रपिंडाला. शिवाय सलाईनमधून औषध सुरू झाले की थंडी वाजून ताप भरतो, रक्तातील पोटॅशियम कमी होते. बुरशी मारायची तर मात्रा वाढवावी लागते आणि मात्रा वाढवली तर मूत्रपिंड जाते, अशी डॉक्टरांची कोंडी वर्षानुवर्षे होती.

या कोंडीतून सुटण्याचा रस्ता इंग्लंडमधून आला. ॲलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात पाहिले की पेशीच्या आवरणात असणारे स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले की ते आपोआप गोल पिशव्या बनवतात. साबणाच्या फुग्यासारख्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या. यांना लिपोसोम म्हणतात. ज्या पदार्थांपासून आपल्या पेशींचे आवरण बनते त्यांचीच ही पिशवी असल्यामुळे शरीर तिला सहसा परके मानून बिथरत नाही. मग विचार पुढे आला की या पिशवीत औषध भरून पाठवले तर?

लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनमध्ये नेमके हेच केले आहे. शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान पिशवीच्या भिंतीत औषधाचे रेणू घट्ट बसवलेले असतात. पिशवी रक्तात फिरताना औषध सहजासहजी बाहेर पडत नाही, त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत मोकळे औषध कमी पोहोचते. बुरशीच्या भिंतीला भिडल्यावर मात्र औषध पिशवीतून निघून बुरशीत शिरते. म्हणून साध्या औषधाच्या कितीतरी पट मात्रा रुग्णाला देता येते. साधे ॲम्फोटेरिसिन दिवसाला किलोमागे एक-दीड मिलिग्रॅमच्या वर देता येत नाही, तर लिपोसोमल पाच मिलिग्रॅम आणि गरजेनुसार त्याहून जास्तही देतात. त्रास होतच नाही असे नाही, पण बराच कमी होतो.

म्हणजे औषधाचा रेणू बदललेला नाही. बदलले आहे ते त्याचे वाहन. आज वापरात असलेली बहुतेक नॅनो औषधे याच तत्त्वावर चालतात.

या कामात भारतीय शास्त्रज्ञही मागे नव्हते. दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमल कुमार बच्छावत यांच्या गटाने आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर काम केले. परळच्या सरकारी-महापालिका रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या सामान्य रुग्णांच्या गरजेतून हे संशोधन झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बिहारच्या मातीच्या घरांत

या औषधाने सर्वांत मोठा फरक कुठे पडला, तर तो एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात नाही, बिहारच्या खेड्यांत पडला.

काळा आजार हा वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा रोग. महिनोन्महिने ताप येतो, प्लीहा वाढून पोट फुगते, रक्त कमी होते, माणूस झिजत जातो. उपचार झाला नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, ओलसर जागी, गुरांच्या गोठ्याजवळ राहते. त्यामुळे रोगही त्याच माणसांना गाठतो ज्यांची घरे मातीची आहेत आणि अंगात रक्त कमी आहे. बिहारमध्ये झालेल्या अभ्यासांत मुसहर या दलित समाजात या रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले आहे. रोगजंतू जात पाहत नाही असे आपण म्हणतो. पण वस्ती कुठे असेल आणि घर कशाचे असेल हे जातीने ठरवले, की रोगही त्याच वाटेने जातो.

1992 साली देशात काळ्या आजाराचे 77 हजारांहून जास्त रुग्ण आणि 1,400 च्या वर मृत्यू नोंदले गेले होते. जुने औषध अँटिमनीचे होते. वीस-तीस दिवस रोज इंजेक्शन घ्यायचे. पुढे उत्तर बिहारमध्ये जंतू त्यालाही दाद देईनासा झाला. मग साधे ॲम्फोटेरिसिन आले. तेही दिवसाआड पंधरा वेळा सलाईनमधून, म्हणजे महिनाभर रुग्णालयात. शेतमजुरासाठी याचा अर्थ काय होतो? महिन्याची मजुरी बुडाली, सोबत बसणाऱ्या माणसाचीही बुडाली, घरी लेकरे उपाशी. अनेक जण उपचार अर्धवट सोडून निघून जात.

बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूरमध्ये 412 रुग्णांवर एक चाचणी केली. काहींना लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन फक्त एकदाच, किलोमागे 10 मिलिग्रॅम. इतरांना साधे औषध, पंधरा वेळा. सहा महिन्यांनी पाहिले तर एका मात्रेने बरे झालेले रुग्ण 95.7 टक्के आणि पंधरा मात्रांनी बरे झालेले 96.3 टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच. हा अहवाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

एका मात्रेत हे कसे साधले? यामागचे कारण मोठे रंजक आहे. बाहेरून आलेले कण गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी यकृतात, प्लीहेत आणि हाडांच्या मगजात असतात. लिपोसोमच्या पिशव्याही त्या गिळतात. कर्करोगाच्या औषधांसाठी ही डोकेदुखी आहे, कारण औषध गाठीपर्यंत जाण्याआधीच अडवले जाते. पण काळ्या आजाराचा जंतू लपून बसतो तो नेमका याच भक्षक पेशींमध्ये. म्हणजे शरीर स्वतःच औषधाची पिशवी उचलून शत्रूच्या घरात नेऊन ठेवते.

2014 पासून भारताच्या कार्यक्रमात ही एका मात्रेची पद्धत आली. औषध बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीशी जागतिक आरोग्य संघटनेने करार केला आणि दान म्हणून आलेले औषध रुग्णांना मोफत मिळू लागले. आज देशातील रुग्णसंख्या वर्षाला एक हजाराच्या खाली आली आहे. शेजारच्या बांगलादेशाने तर 2023 मध्ये काळा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. हे सारे एकट्या औषधाचे श्रेय नाही. फवारणी, लवकर तपासणी, पक्की घरे आणि गावोगाव फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांचाही त्यात वाटा आहे. पण महिनाभराचा उपचार एका दिवसावर आला नसता तर मजुराला तो पुरा करता आला नसता, हेही तितकेच खरे.

कर्करोगात काय साधले, काय नाही

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध अनेक घरांना माहीत आहे. ते कर्करोगाच्या पेशी मारते, पण हृदयालाही इजा करते. हेच औषध लिपोसोमच्या पिशवीत भरून 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयावरचा परिणाम कमी झाला. मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा नवा त्रास दिसू लागला. 2012 मध्ये अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीचे औषध तात्पुरते आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला मान्यता दिली. आपल्याकडे बनलेले नॅनो औषध त्यांच्या रुग्णांच्या उपयोगी पडले.

दुसरे उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचे. हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते ज्या द्रावणात मिसळून द्यायचे त्याचीच अनेकांना तीव्र ॲलर्जी व्हायची. रक्तात नैसर्गिकपणे असणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाला औषध बांधून सुमारे 130 नॅनोमीटरचे कण बनवले आणि 2005 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते त्रासदायक द्रावण गेले.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'नॅनो औषध थेट कर्करोगाच्या गाठीत जाते आणि बाकी शरीराला स्पर्शही करत नाही' अशी वाक्ये जाहिरातींत असतात. ती खरी नाहीत. गाठीतील रक्तवाहिन्या सैल विणलेल्या असतात, त्यांतून नॅनो कण झिरपतात, हे 1986 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले होते. पण उंदरांत जेवढे दिसते तेवढे माणसांत दिसतेच असे नाही. 2016 मध्ये दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मध्यकाने 0.7 टक्के निघाले. शंभरातला एकही नाही. नॅनो औषधाने त्रास कमी होतो, काही रुग्णांना आयुष्यही जास्त मिळते, पण ते जादूची गोळी नाही.

आपल्या घरात, आरोग्य केंद्रात

गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते. सोने पिवळे असते, पण त्याचे वीस-चाळीस नॅनोमीटरचे कण लाल दिसतात. या कणांना गरोदरपणातील संप्रेरक ओळखणारी प्रतिद्रव्ये चिकटवलेली असतात. लघवीत ते संप्रेरक असेल तर कण रेघेच्या जागी अडकतात आणि रेघ उमटते. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरिया तपासतात ती पट्टीही सहसा याच पद्धतीने चालते. ना वीज लागते, ना मोठी प्रयोगशाळा. नॅनो तंत्रज्ञानाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वदूर पोहोचलेला उपयोग कोणता, तर तो हाच.

दुसरी गोष्ट रक्तवाढीच्या इंजेक्शनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 57 टक्के आणि महाराष्ट्रातील 54 टक्के स्त्रियांत रक्त कमी आहे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन फार उतरले आणि गोळ्यांनी भागत नसेल तर आयर्न सुक्रोज सलाईनमधून देतात. मोकळे लोह थेट रक्तात टोचले तर ते विषासारखे काम करते. म्हणून लोहाचा अतिसूक्ष्म गाभा साखरेच्या वेष्टनात ठेवलेला असतो. तोच गाभा यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी उचलतात आणि लोह हळूहळू मोकळे करतात. सरकारी दवाखान्यात मिळणारे हे साधे इंजेक्शन नॅनो औषधच आहे.

लसीतील कण आणि अफवा

कोरोना काळात आणखी एक चर्चा होती. लसीतून नॅनो चिप टोचतात, माणसावर पाळत ठेवतात, अशा ध्वनिफिती आपल्या वस्त्यांतही फिरल्या. त्यामुळे काही जण लसीपासून दूर राहिले. म्हणून खरी माहिती हवी.

महाराष्ट्रात बहुतेकांना कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन मिळाली. कोविशील्डमध्ये निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून वापरला होता आणि कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला कोरोना विषाणू. नॅनो कण मुद्दाम बनवून वाहक म्हणून वापरले गेले ते एमआरएनए लसींमध्ये. एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू. तो फार नाजूक, मोकळा टोचला तर काही मिनिटांत तुटतो. म्हणून त्याला साधारण 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध कणात गुंडाळतात. त्यात चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यातला एक म्हणजे आपल्याला माहीत असलेले कोलेस्टेरॉल. कण पेशीत शिरतो, फुटतो, सूचना सोडतो आणि शरीर त्याचे घटक मोडून टाकते. त्यात तार नाही, यंत्र नाही, चिप नाही. या लसींचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना 2023 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

परदेशी एमआरएनए लसीला सुरुवातीला उणे 70 अंशांचा गारवा लागायचा. वीज जाणाऱ्या गावात ते कसे शक्य होते? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने दोन ते आठ अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजच्या गारव्यात टिकणारी एमआरएनए लस तयार केली आणि तिला 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तीतही वाहक अतिसूक्ष्म कणच आहेत.

धोके कोणते?

जे कण पेशीत शिरू शकतात ते नको तिथेही शिरू शकतात. 2008 मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात लांब, ताठ कार्बन नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचे दिसले. त्या नळ्या औषध म्हणून वापरात नाहीत, पण सावधगिरीचा इशारा त्यातून मिळाला. चांदीचे नॅनो कण जखमेच्या पट्टीत जंतू मारतात, मात्र चांदी वर्षानुवर्षे पोटात घेत राहिल्यास कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. शिवाय नॅनो औषधांचे कारखान्यातील काम फार काटेकोर असते. कणाचे माप थोडे बिघडले तरी औषधाचे वागणे बदलते. म्हणून त्याची नक्कल करणेही साध्या गोळीइतके सोपे नाही.

भारत सरकारने ऑक्टोबर 2019 मध्ये नॅनो औषधांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कणाचे माप, स्थिरता, शरीरात ते कुठे साठतात, किती काळ राहतात, याची माहिती त्यांत मागितली आहे.

याउलट बाजारात 'नॅनो' हा शब्द कुणीही कशावरही छापतो. नॅनो थेंब, नॅनो लॉकेट, नॅनो पाण्याची बाटली. साखर, रक्तदाब, सांधेदुखी आणि कर्करोग या सगळ्यांवर एकच बाटली. ओळखीचाच माणूस साखळी पद्धतीने विकायला येतो, म्हणून नाही म्हणता येत नाही. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. बाटलीवर औषधाच्या रेणूचे नाव आणि औषध परवाना क्रमांक आहे का? ती कोणत्या एका आजारासाठी, किती मात्रेत द्यायची हे लिहिले आहे का? आणि चालू औषध बंद करा असे विकणारा सांगतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. खरे नॅनो औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरावीक आजारासाठी मिळते.

खरा प्रश्न किमतीचा

2021 चा हिशेब मांडून पाहू. रुग्णाचे वजन 60 किलो. किलोमागे पाच मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 300 मिलिग्रॅम. एका कुपीत 50 मिलिग्रॅम, म्हणजे रोज सहा कुप्या. एक कुपी पाच हजारांना धरली तर दिवसाला तीस हजार रुपये, आणि उपचार काही आठवडे चालतो. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत तेव्हा कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती. या हिशेबाने ती पाच दिवसांत संपते. राज्य सरकारने म्युकरमायकोसिसचा उपचार या योजनेत आणला, 12 जून 2021 रोजी जीएसटी परिषदेने ॲम्फोटेरिसिनवरील कर शून्य केला, वर्ध्यातील एका कंपनीनेही ॲम्फोटेरिसिनचे इमल्शन प्रकारचे इंजेक्शन बनवायला घेतले. हे सगळे झाले, पण तोवर अनेक घरांचे डोळे, जबडे आणि माणसे गेली होती.

बिहारमध्ये तेच औषध मजुराला मोफत मिळाले, कारण कुणीतरी आधीच ठरवले होते की हे औषध ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच लागणार आहे. कंपनीशी बोलणी झाली, साठा आला, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण मिळाले. इकडे आपण साथ आल्यावर धावलो. औषध एकच, तंत्रज्ञान एकच, फरक पडला तो नियोजनाचा. आणि त्यातही बिहारचे औषध दानावर अवलंबून होते. दान उद्या थांबू शकते. हक्काने मिळायचे असेल तर ते देशात, सरकारी देखरेखीखाली, परवडणाऱ्या किमतीत बनले पाहिजे. केईएमसारख्या रुग्णालयात हे संशोधन झालेले आहे, म्हणजे क्षमता आपल्याकडे आहे. आपल्या मुलामुलींनी रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान घेऊन या क्षेत्रात जावे, कारण कोणत्या रोगावर संशोधन करायचे हे तिथे बसलेली माणसे ठरवतात.

घरात असे आजारपण आले तर

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. ॲम्फोटेरिसिन साधे, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन आणि लिपोसोमल अशा वेगवेगळ्या प्रकारांत येते. सगळ्यांची मात्रा वेगळी असते. एकाच्या जागी दुसरे त्याच मात्रेत दिले तर जीव जाऊ शकतो. कर्करोगाच्या लिपोसोमल औषधांनाही हेच लागू आहे. त्यामुळे मेडिकलवाला 'तेच आहे, घेऊन जा' म्हणाला तरी कुपीवरचे पूर्ण नाव चिठ्ठीशी जुळवून पाहा आणि वॉर्डातील सिस्टरला दाखवा.

महागडे नॅनो औषध लिहून दिले तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. साधे औषध माझ्या रुग्णाला चालेल का? नसेल तर का नाही, मूत्रपिंडाचा त्रास आहे की आणखी काही? जेनेरिक मिळते का? कधी साधे औषधही पुरेसे असते आणि कधी महागडेच लागते. हे रुग्णागणिक बदलते आणि कारण समजून घेणे हा आपला अधिकार आहे.

फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू असून मर्यादा वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. पैसे भरण्याआधी त्यांना भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. आणि मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, स्टिरॉइड डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. काळ्या बुरशीने 2021 मध्ये सर्वाधिक बळी घेतले ते वाढलेल्या साखरेच्या आणि बेसुमार स्टिरॉइडच्या वाटेने. ती वाट बंद ठेवायला कोणतेही नॅनो तंत्रज्ञान लागत नाही.